तीन मुंगळ्यांचं ऑपरेशन

एका जंगलात, बाळांनो, गोंदा नावाचं अस्वल राहायचं. त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ झाली. मधसुद्धा गोड लागेना.

तिथं पोटाची ऑपरेशनं रानडुक्कर करायचं. सुळा लावला की बेंबीपासून छातीपर्यंत. मग जखमेला मुंगळे डसवायचे. एक मुंगळा म्हणजे एक टाका. ज्याचे मुंगळे जास्त, त्याला मान जास्त.

गोंदा भ्याला. तो गेला सुतारपक्ष्याकडं. हा वैद्य नव्या रीतीचा. त्यानं पोटाला बोराएवढी तीन भोकं पाडली. एकातून काजवा आत सोडला. दुसऱ्यातून स्वतःची चोच घातली, तिसऱ्यातून बायकोची.

काजवा आतून सांगे, "जरा डावीकडं, बुवा. हां, तीच गाठ."

गाठ निघाली, आतडं जोडलं. बाहेर मुंगळे लागले तीन. तिसऱ्या दिवशी गोंदा चालायला लागला.

वैद्य म्हणाला, "भोकं लहान, पण आतली शिवण मोठीच आहे हो. दीड महिना जड उचलू नका. आतून उसवेल."

मग साळिंदरमावशी मधाचं पोळं घेऊन बघायला आली.

"किती टाके रे?"

"तीन."

मावशीनं पोळं परत काखेत मारलं. "तीन? एवढे तर मला माझ्याच काट्यांनी पडतात!"

मागून तरस मुकादम आला. "उद्या बंधाऱ्यावर ये. ओंडके उचलायचेत."

"मुकादम, आत शिवण आहे हो."

"आतलं मला काय दिसतंय? त्या सांबराला चाळीस मुंगळे होते. त्याला मी आपणहून पावसाळाभर बसवलं."

गोंदा रडकुंडीला येऊन वैद्याकडं गेला. "बुवा, पोट फाडा."

"अरे, गाठ निघाली ना!"

"गाठीसाठी नाही हो. मुकादमासाठी."

वैद्यानं फांदीवर टकटक करून मुंगळे बाहेर काढले. मग त्यानं कातडीला धक्का न लावता पोटावरच्या केसांना पन्नास मुंगळे ओळीनं लावले.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल लोटलं. मावशीनं दोन पोळी आणली. मुकादमाचे डोळे भरून आले. "पडून राहा रे बाबा. कुशीवरसुद्धा वळू नकोस."

गोंदा दीड महिना पडून राहिला आणि ठणठणीत झाला. जंगल म्हणालं, "सुतारपक्ष्याला आता कुठं ऑपरेशन जमायला लागलं!"

तात्पर्य : दुखणं पोटात असतं, पण विश्रांती पोटावरचं बघूनच मिळते. म्हणून बाळांनो, वैद्य हलक्या हाताचा निवडा, आणि कण्हा मात्र भारी.