तीन मॉनिटरचे गुरुजी

सदाशिव गुरुजी लॅपटॉप बंद करण्याआधी त्याच्यावर अक्षता टाकतात. पूजा संपल्यावर देवांचं विसर्जन करताना टाकतात ना, तशाच. वर 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा या असं सांगून निरोप देतात, आणि मग शटडाउनचं बटण दाबतात. लॅपटॉप काळा होतो, आतला पंखा थांबतो, आणि आपण सुटलो म्हणेपर्यंत तो आपोआप पुन्हा सुरू होतो.

"तुम्हीच या म्हणता, मग ते येतं," काकू स्वयंपाकघरातून म्हणतात.

मी पंचवटीत गुरुजींच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला आहे. माझे वडील नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवतात आणि कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरी काय आणि इथे काय, सगळ्यांना वाटतं की हिला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करता येत असेल. येत नाही. माझं मला माहीत आहे. पण गुरुजी मला 'कॉम्प्युटरबाई' म्हणतात, तेही इतक्या विश्वासानं, की येत नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

गुरुजींचे बरेचसे यजमान आता परदेशात असतात. पूर्वी ते रामकुंडावर यायचे, आता स्क्रीनवर येतात. सातपूरचं एक ऑफिस बंद झालं तेव्हा गुरुजींनी तिथले तीन जुने मॉनिटर आणले. पूजेच्या खोलीत ओळीनं तीन पाट मांडले, पाटांभोवती रांगोळी काढली आणि त्यांच्यावर मॉनिटर बसवले. कोण कुठे दिसणार हे वयानं ठरतं. थोरला उजवीकडे, बाकीचे क्रमानं. एकदा एक धाकटा भाऊ चुकून थोरल्याच्या पाटावर उमटला, तर गुरुजींनी "उठा, उठा, ती जागा दादांची आहे" म्हणून त्याला कॅनडात खुर्चीवरून उठवलं होतं. तो बिचारा उठलाही.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "गुरुजी, एकाच स्क्रीनवर सगळे दिसतात. लहान लहान चौकटी असतात."

"चौकटी?" गुरुजी म्हणाले. "श्राद्धाला माणसं बसवायची आहेत, पासपोर्टचे फोटो चिकटवायचे नाहीत."

नेहमी असंच बोलतात. त्यांचं आवडतं वाक्य मात्र वेगळं आहे: "आधी क्रम सांग." चहा करायचा असो, आधारकार्ड शोधायचं असो की सिटीबसनं जायचं असो, आधी क्रम सांग.

तर हा लॅपटॉप. नुसता बंद होत नाही एवढंच असतं तर अक्षतांसकट चालून गेलं असतं. पण तो मधेच बंद पडायलाही लागला, आणि एकदा फार वाईट वेळी पडला.

आमच्या गल्लीतले वसंतराव गेले. त्यांची तीन मुलं बाहेर आहेत. थोरला मेलबर्नला, मधली बहीण दुबईला, धाकटा टोरांटोला. दर महिन्याचं श्राद्ध गुरुजींच्या तीन मॉनिटरवर व्हायचं. दोघा भावांत घराच्या वाटणीवरून आधीच धुसफूस होती. एका श्राद्धानंतर थोरला म्हणाला, "आज स्पष्टच बोलू." धाकटा म्हणाला, "बोल ना, मला तर वाटतं…" आणि तिन्ही मॉनिटर काळे झाले. तिघांचे कॉल गुरुजींच्या लॅपटॉपवरूनच जोडलेले, तेही तुटले. लॅपटॉप परत सुरू होईपर्यंत थोरल्याला वाटलं धाकट्यानं कट केलं, धाकट्याला वाटलं थोरल्यानं. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत.

गुरुजींनी दोघांना फोन करून सांगितलं की दोष माझ्या यंत्राचा आहे. दोघांनीही एकच उत्तर दिलं, "गुरुजी, तुम्ही त्याला पाठीशी घालू नका."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे गुरुजी अस्वस्थ झाले. एका सकाळी त्यांनी हातावर पळीभर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, हे यंत्र निर्दोष होईपर्यंत चहा वर्ज्य.

"अहो, दुसरं काहीतरी सोडा," काकू कळवळून म्हणाल्या. "चहा नाही मिळाला की तुम्ही कसे वागता ते मला भोगावं लागतं."

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तू लवकर बघ गं बाई."

पहिल्या दिवशी मी कीबोर्ड उलटा केला. त्यातून अक्षता निघाल्या. इतक्या, की काकूंनी ताटली पुढे केली. मला वाटलं झालं काम. नाही झालं. मग सेटिंगमध्ये झटपट सुरू होण्याची एक सोय असते ती बंद केली, ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर नवं घातलं. लॅपटॉप शांतपणे बंद झाला आणि शांतपणे परत सुरू झाला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग वायरच काढी टाक ना." आमच्याकडे सगळ्या यंत्रांवर हाच इलाज.

गुरुजी म्हणाले, "तू एकदम चार गोष्टी बदलतेस. गुण कशाचा आणि दोष कशाचा, कळणार कसं? आधी क्रम सांग. एका वेळी एकच."

पहिला संशय त्यांनी स्वतःवर घेतला. त्या संध्याकाळी अक्षता न टाकता, 'पुनरागमनाय च' न म्हणता, ओठ घट्ट मिटून त्यांनी बटण दाबलं. लॅपटॉप परत आला. गुरुजींना इतका आनंद झालेला मी बघितला नव्हता. "मंत्र निर्दोष आहे!" ते काकूंना ओरडून म्हणाले.

मग आम्ही दोघं चिकाटीनं बसलो. मला भीती वाटत होती की आपल्याला काही सापडणार नाही आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळे माझ्याकडे बघतील. पण गुरुजींच्या समोर बसलं की हात चालू राहतात. तिन्ही मॉनिटर एका लहान डबीला जोडलेले आहेत आणि त्या डबीची एकच वायर लॅपटॉपला जाते. तिला डॉक म्हणतात. सगळे मॉनिटर काढले. लॅपटॉप नीट बंद झाला. धाकट्याचा लावला. नीट. बहिणीचा लावला. नीट. थोरल्याचा लावला आणि तो पुन्हा सुरू झाला.

"थोरलाच निघाला," गुरुजी खिन्नपणे म्हणाले.

"मग गुरुजी, दोनच मॉनिटर ठेवू. बहीण-भाऊ एकात बसतील."

"आणि थोरल्याच्या पाटावर काय, नारळ ठेवू? बापाच्या वर्षश्राद्धाला मुलाचा पाट उचलायचा नाही. पुढचा क्रम सांग."

पुढचा क्रम म्हणून मी थोरल्याच्या मॉनिटरची वायर बहिणीच्या जागेवर खोचली. लॅपटॉप बंद झाला. बंदच राहिला. मग बहिणीची वायर थोरल्याच्या जागेवर लावली. लगेच सुरू!

"म्हणजे दोष माणसात नाही," गुरुजी हळूच म्हणाले, "बसायच्या जागेत आहे."

मोबाइलच्या टॉर्चनं डॉकमधलं ते भोक बघितलं. आतल्या पट्ट्यांवर हिरवं काहीतरी जमलं होतं.

"कळकलंय!" गुरुजी एका नजरेत म्हणाले. "तांब्याच्या पळीला येतं तेच. थांब, चिंच आणतो."

चिंचेपासून मी डॉकला कसं वाचवलं ते सांगत बसत नाही. पण तिथे पाणी आलं कुठून, हा प्रश्न होता. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. गुरुजी रोजच्यासारखे पूजेला बसले, दर्भाची जुडी तांब्यात बुडवली आणि आसनं, पाट, मॉनिटर, सगळ्यांवर शुद्धीचं पाणी शिंपडलं. सुरुवात अर्थातच थोरल्यापासून. जुडी तेव्हाच सगळ्यात ओली असते. आणि डॉक थोरल्याच्या पाटाशीच होता.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही थोरल्याला रोज अंघोळ घालताय."

ते तसेच थांबले. हातातल्या दर्भातून पाणी गळत होतं. मला वाटलं रागावतील. शुद्धी करू नका असं त्यांना सांगायची माझी काय पात्रता? पण ते डॉककडे बघून म्हणाले, "क्रम चुकला. आधी शुद्धी, मग पुसणं, मग वायरी. आसनावर माणूस बसल्यावर कोणी पाणी शिंपडतं का!"

डॉकला एक जागा रिकामी होती, कोरडी. थोरल्याची वायर तिथे लावली. त्यानंतर लॅपटॉप जेव्हा जेव्हा बंद केला, तेव्हा बंदच राहिला. गुरुजींनी चहा मागितला आणि काकूंनी पातेलंभर केला.

वर्षश्राद्धाला तिघंही वेळेवर आले. टोरांटोत मध्यरात्र उलटलेली, तरी धाकटा अंघोळ करून सोवळ्यात बसला होता. दोघा भावांनी गुरुजींना आधीच बजावलं होतं: बाबांसाठी बसतो, त्याच्याशी बोलायला लावू नका. सगळे विधी झाले. पिंडदान झालं. मी लॅपटॉपवरची नजर काढली नव्हती. तो हूं की चूं न करता चालू होता.

गुरुजींनी नमस्कार करायला सांगितला. दोघांनी केला, आणि दोघांचेही हात माऊसकडे गेले.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "एक विधी राहिलाय. कॉम्प्युटरबाई, थोरल्याची वायर जुन्या जागी लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "गुरुजी, बंद पडेल."

"पडू दे. लाव."

एवढं झटून दुरुस्त केलेलं माझ्याच हातानं बिघडवायचं! मी वायर काढली आणि हिरव्या भोकात खोचली. क्षणभर काही झालं नाही. मग तिन्ही मॉनिटर एकदम काळे.

लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत गुरुजी डोळे मिटून बसले होते. त्यांचा हात मात्र उपरण्याचं टोक पिळत होता. मी वायर चांगल्या जागी लावली. आधी बहीण दिसली. मग उजवीकडे थोरला घाईघाईनं म्हणाला, "मी काही केलं नाही हां!"

डावीकडून धाकटा, "मी पण नाही!"

"मागच्या वेळी हेच झालं होतं," गुरुजी म्हणाले. "तुमच्या बापाची शपथ घेऊन सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं. म्हणून दाखवलं."

बहिणीला हसू फुटलं. "दोघं येडे," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. "तिकडे किती वाजलेत रे?" थोरल्यानं धाकट्याला विचारलं. "उपाशीच आहेस ना?"

गुरुजी उठून बाहेर ओट्यावर गेले. मीही गेले. आतून तिघांचे आवाज येत होते, एकमेकांच्या बोलण्यावर चढत होते. गुरुजी धुतलेलीच पळी पुन्हा धूत होते.

"त्यांचं झालं की बंद करू ना?" मी विचारलं.

"राहू दे." पळी पुसत ते म्हणाले, "काय गं, या मॉनिटरवर नाशिकरोडचा माणूस बसतो का? की परदेशातलाच लागतो?"

"बसतो की. नाशिकरोडला कोण आहे?"

"गोविंदा. माझा धाकटा भाऊ."

मी इतके दिवस या घरात राहते, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, श्राद्ध आम्ही एकाच दिवशी घालतो," गुरुजी म्हणाले. "तो तिकडे, मी इकडे. रिक्षानं जाण्याएवढं अंतर. पण आधी कोणी कोणाच्या दारात जायचं, तिथेच सगळं अडलंय. स्क्रीनवर तसं कोणाला कोणाच्या दारात जावं लागत नाही."

मी फोन काढला. "नंबर सांगा."

"तुझ्याच फोनवरून लाव. माझं नाव बघून उचलायचा नाही." नंबर त्यांना पाठ होता.

मी स्पीकर लावला. पलीकडून "हॅलो" आलं. अख्खी पोथी न थांबता म्हणणारे गुरुजी गप्प. "अहो, कोण बोलतंय?" आवाज वैतागला.

"गोविंदा," गुरुजी म्हणाले, "तुझ्याकडे लॅपटॉप आहे का रे?"

फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलं. झाला नव्हता.

"आहे," बऱ्याच वेळानं आवाज आला. "पोराचा जुना. पण तो मधेच बंद पडतो, दादा."

गुरुजी उठले. पायानं चपला चाचपडत म्हणाले, "पडू दे. मी येतो बघायला."