नानांची अळणी जीभ

नाना चौलकर मीठ खात नसत. डॉक्टरांनी बंद केलं होतं म्हणून नव्हे, की देवाला सोडलं होतं म्हणूनही नव्हे. सरकारच्या मीठ खात्यात त्यांनी तीस वर्षं मीठ तपासलं होतं, आणि शिपाई जशी बंदूक पुसून ठेवतो तशी निवृत्तीनंतरही ते जीभ अळणी ठेवीत. लग्नाच्या पंगतीत पानावर मीठ वाढलं की करंगळीने जिभेला लावायचे, "धरमतरच्या खाडीचं, दुसऱ्या खेपेचं," असं जाहीर करायचे, आणि उरलेली चिमूट पानाबाहेर काढून वरणभात तसाच जेवायचे. वधूपक्ष घाबरून जायचा.

अलिबागचे व्यापारी त्यांच्याकडे मिठाच्या पुड्या घेऊन येत. नाना चाखून मिठाचं आगर सांगत, कधी कधी आगरातला वाफाही सांगत. ते चुकल्याचं मी पाहिलं नाही. "चव लपत नाही, चिटणीस," म्हणायचे. मी वाचनालयाचा चिटणीस होतो. मला नावही आहे, हे नानांना ठाऊक असावं असं वाटत नाही.

ते मिठावरच थांबले असते तर बरं झालं असतं. पण वाचनालयात एक विलायती विज्ञान मासिक बोटीने, म्हणजे दोन महिने शिळं होऊन, येई. ते फक्त नाना वाचत. त्यात त्यांना गोलाकार तारकागुच्छ भेटले.

"लाखो तारे, चिटणीस. बुंदीच्या लाडवासारखे एकत्र वळलेले. ताऱ्याचा उजेड लोलकातून सोडला की रेघा दिसतात. प्रत्येक पदार्थाची रेघ ठरलेली. या गुच्छांत लोखंडाची रेघ अगदी फिकट. का?"

मला वर्गणीच्या पावत्या फाडायच्या होत्या.

"कारण लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतं आणि तारे मेले की बाहेर पडतं. हे गुच्छ जन्मले तेव्हा फारसे तारे मेलेलेच नव्हते. म्हणजे हे सगळ्यात जुने. आणि एका गुच्छातल्या सगळ्यांची चव सारखी, म्हणजे सगळे एका ढगातले. एका वाफ्याचं मीठ."

"तुम्ही कधी पाहिलेत हे गुच्छ?"

"मी साडेसातला झोपतो."

"मग?"

"मीठ नुसतं बघून कळतं का?"

मी पुढची पावती फाडली.

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एकदा हे सांगायला मिळावं म्हणून नाना दोन वर्षं माझ्या मागे होते. समितीला संतचरित्रं आवडत. "एकदाच, चिटणीस," नाना म्हणाले. "लोक पुडी देतात, आगर विचारतात आणि जातात. घरी कोणी नाही. बोलायचं राहूनच जातं." शेवटी एक कीर्तनकार आजारी पडले आणि तारकागुच्छांना रविवारची संध्याकाळ मिळाली. नानांच्या झोपेमुळे वेळ चारची ठेवली.

अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. गावात कोणताही विषय असो, अध्यक्ष तेच असत. त्यांनी वक्त्यांची ओळख करून देताना मुख्यतः स्वतःची ओळख करून दिली. त्यात त्यांनी नुकतंच खाडीकाठी मिठागर घेतल्याचाही उल्लेख आला.

नाना मात्र रंगले. श्रोत्यांकडून पाच पुड्या मागवल्या, चाखल्या, पाचही आगरं बरोबर सांगितली. टाळ्या पडल्या. "ताऱ्यांचं कूळही असंच कळतं," म्हणून नाना गुच्छांकडे वळणार, एवढ्यात अध्यक्ष उभे राहिले.

"शास्त्राचा काही उपयोगही व्हावा," ते म्हणाले, आणि त्यांच्या कारकुनाने हिरूबाईला पुढे आणलं. हिरूबाई बाजारात मीठ विकायची. नवरा त्याच मिठागरावर कामाला होता, तो वारल्यावर तीही तिथेच राबत होती. हंगाम संपला की वाफ्यांच्या कडेला चिकटलेली मिठाची खरवड कामकऱ्यांनी न्यायची, ही तिकडची जुनी रीत. नव्या मालकांना ती मान्य नव्हती. त्यांच्या लेखी ती चोरी होती.

"ही पुडी माझ्या आगरातली, ही हिच्या टोपलीतली," वकीलसाहेब म्हणाले. "कूळ एक की दोन, सांगा. एक असेल तर दारात हवालदार आहे."

"माज्या भावाच्या आगरातला मीठ हाय," हिरूबाई म्हणाली. मग तिने नानांकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली गेला. "चाख, नाना. काय असंल त्या सांग."

नानांनी एक पुडी चाखली. पाणी पिऊन दुसरी चाखली. मग पुन्हा पहिली. इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"सांगता येत नाही," नाना म्हणाले.

"मघाशी पाच सांगितल्यात."

"अंदाजाने."

"आणि ते तारे?"

नानांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "तेही अंदाजच."

हशा असा उसळला की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या हलल्या. हिरूबाई टोपली उचलून केव्हा गेली ते कोणी पाहिलं नाही. अध्यक्षांनी विज्ञानाच्या मर्यादा या विषयावर चाळीस मिनिटं समारोप केला. नाना हार घालून शेवटपर्यंत बसून राहिले.

त्यानंतर नानांकडे पुड्या येणं बंद झालं. महिन्याभराने मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांची सवय माहीत असल्यामुळे आमच्या मंडळींनी त्यांच्या पानावर मीठ वाढलं नव्हतं.

"वहिनी, मीठ वाढा," नाना म्हणाले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. "जीभ राखून आता करायचं काय?"

त्यांनी भातात चांगली चिमूटभर कालवली आणि पहिला घास बराच वेळ चघळला.

"हिरूबाईकडून घेतलंत?"

"हो," ही म्हणाली. "का हो?"

"वकिलांच्या आगरातलं आहे. दक्षिणेकडचा तिसरा वाफा. त्या दोन पुड्यांसारखंच."

मी घास खाली ठेवला.

"खरवड आहे, चिटणीस. तीस वर्षं मी त्या आगरावर जात होतो. तिची सासू न्यायची, तिच्याआधी आणखी कोणी नेत असेल. खरवड नेण्याला चोरी म्हणताना मी कोणाला ऐकलं नव्हतं." मग त्यांनी पान पुढे केलं. "वहिनी, थोडं आणखी. भात छान लागतोय."

जेवण होत आलं तेव्हा नानांनी हळूच विचारलं, "त्या गुच्छांचं पुढचं सांगू का? त्या दिवशी राहिलं."

एरवी ताऱ्यांचा विषय निघाला की ही स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी तिने पाट ओढला आणि ती समोर बसली.

"सांगा," मी म्हणालो.