खात्रीची झोप

धाकट्याने बँकेतली नोकरी सोडली हे घरात सगळ्यांना कळलं. पण त्याने नवं काय धरलं, हे कोणाच्याच डोक्यात शिरेना. त्याची बँकही पैसे ठेवायची नव्हे, तर कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवून देणारी.

"म्हणजे आता नक्की करणार काय तू?" ताईने इस्त्री फिरवता फिरवता विचारलं.

"ताई, आतापर्यंत मी स्थळं जुळवायचो. कंपनी खपली की माझं काम संपलं. पुढे त्यांचं पटलं की फाटलं, मला पत्ता नसायचा. आता एका हॉटेल कंपनीत लागलोय. त्यांच्यासाठी कंपन्या शोधायच्या, पारखायच्या आणि घरात आणल्या की नांदवायच्याही."

"म्हणजे मध्यस्थाचा सासरा झालास म्हण की," ताई म्हणाली.

त्याला ओढ होती ती नेमकी याचीच. इतके कारखाने विकले, पण एकाचाही उंबरा ओलांडला नव्हता. सगळे कागदावरच पाहिलेले. म्हणून पहिलंच काम गाद्यांच्या कारखान्याचं निघालं, तेव्हा नव्या कंपनीतल्या साहेबांबरोबर तिथली बैठक दुपारी असूनही तो सकाळीच एकटा जाऊन धडकला. साधं गिऱ्हाईक बनून.

कारखान्याला लागूनच दुकान होतं. मालकीणबाई गळ्यात मोजपट्टी टाकून उभ्या होत्या. गादीच्या आत काय भरता, कडेला दुहेरी शिवण कशाला, मधेच खड्डा का पडतो, धाकट्याचे प्रश्न संपेनात. बाईही हौसेने सांगत राहिल्या.

"सगळंच विचारून कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बूट काढा आणि आडवे व्हा."

नाही म्हणावं तर सोंग उघडं पडणार. तो आडवा झाला.

"कुशीवर वळा. आता डोळे मिटा."

त्याने मिटले. बँकेतल्या त्या सगळ्या वर्षांत जी झोप राहून गेली होती, ती एकदम चालून आली.

बाईंना त्याला उठवणं जिवावर आलं. आवाज नको म्हणून त्यांनी शिलाईची यंत्रं थांबवली. माल भरलेला टेम्पो चार कामगारांनी ढकलत रस्त्यावर नेला. गिऱ्हाइकाचा फोन सारखा थरथरू लागला, तेव्हा शिंप्याने तो अलगद उचलून दोन उशांच्या मधे दाबला. फोन साहेबांचा होता.

दुपारी साहेब स्वतःच येऊन पोचले.

"बोलायचं ते हळू," बाईंनी दारातच बजावलं. "आत गिऱ्हाईक झोपलंय."

साहेबांनी डोकावून पाहिलं. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून घोरत होतं. साहेबांनी आपला माणूस ओळखला आणि ते पाय न वाजवता मागे सरले.

"तुम्हाला उगीच हेलपाटा पडला," बाई कुजबुजल्या. "कारखाना विकायचा नाही आता. लोक येतात, बोटाने गादी दाबतात, भाव विचारतात आणि निघून जातात. मला वाटायला लागलं होतं, आपली गादी कोणाला नकोच आहे. आज हा माणूस बघितला आणि मन फिरलं."

एवढ्यात धाकटा जागा झाला. समोर साहेब बघून तो तसाच मोज्यांवर उभा राहिला. बाईंचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं, आणि आता गप्प बसणं त्याला जमेना.

"बाई, मी गिऱ्हाईक नाही. मी या साहेबांचाच माणूस. कारखाना बघायला आलो होतो."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं सोंगच होतं?"

"गिऱ्हाइकाचं सोंग होतं. झोप खरी होती."

बाई जवळ आल्या. त्याच्या गालावर दुहेरी शिवण टाक्याटाक्यानिशी उमटली होती. ती त्यांनी मोजपट्टी लावावी तशी निरखून पाहिली.

"खरी होती," त्या साहेबांना म्हणाल्या. "गादी कळणारा माणूस आहे तुमच्याकडे, मग तुम्हाला विकते. पण आधी सांगितलेल्या किमतीला नाही. तुमच्याच माणसाने साक्ष दिलीय."

पहिल्याच कामात आपण साहेबांना महागात पडलो, हे धाकट्याला उमगलं. आता नोकरी राहते की जाते, म्हणून तो खालमानेने वाट बघत राहिला. पण साहेबांची नजर त्याच्याकडे नव्हतीच; ती गादीवर खिळली होती. ऐन उमेदीची वर्षं त्यांनीही तसल्याच एका बँकेत काढली होती.

"किमतीचं बघू," साहेब म्हणाले. "पण मला स्वतःला खात्री करून घ्यावी लागेल."

आणि खाली वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.