अडीच लाख किलोमीटरची चेन

नवापूरच्या कमलाकांत मेहेरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते आपल्या गाडीची तब्येत सांगत.

"अडीच लाख किलोमीटर झाले. एकदा पण रस्त्यात बंद पडली नाय. पंक्चर सोडलं तर गॅरेजचं तोंड बघितलं नाय. चार सिलिंडरचं इंजिन, आणि आत चेन हाय, चेन!"

ऐकणारा शहाणा असेल तर इथेच काढता पाय घेई. नवखा असेल तर "चेन म्हणजे?" असं विचारून बसे आणि मग त्याचा अर्धा तास गेलाच.

गाडी बावीस वर्षांची होती. एका बाजूनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आणि दुसऱ्या बाजूनं तारापूरच्या कारखान्यांच्या हवेनं तिला इतकं खाल्लं होतं, की मागचा दरवाजा उघडायला दोन माणसं लागत. एक ओढायला, दुसरा तो हातात येऊ नये म्हणून धरायला. पण बॉनेट वर केलं की कमलाकांतांची छाती फुगायची. या इंजिनाचं म्हणे मोठं घराणं होतं. तेराशे सीसीचं थोरलं, पंधराशेचं मधलं, त्यानंतरचं धाकटं. त्यांच्या गाडीत होतं ते मधलं.

कमलाकांतांची एकतीस वर्षं तारापूरच्या एका सूत कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. स्टोअरचा नियम साधा. ज्या मालाचे पहिले चार आकडे सारखे, तो माल एका खणात. एकदा मॅनेजरसाहेबांच्या गाडीचं इंजिन खोललेलं त्यांनी पाहिलं. ते थोरल्या पातीचं होतं आणि आत सायकलसारखी लोखंडी चेन होती. खालचे पिस्टन आणि वरचे वाल्व्ह यांचा मेळ ती चेन राखते आणि ती इंजिनाबरोबरच संपते, आधी नाही, असं तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं. घरी येऊन कमलाकांतांनी आपला इंजिन नंबर पाहिला. पहिले चार आकडे तेच. झालं! त्यांनी दोन्ही इंजिनं मनातल्या एकाच खणात ठेवली आणि वर कुलूप घातलं.

गाडी मात्र त्यांच्यापेक्षा वत्सलाच जास्त चालवी. त्यांची बायको. सुक्या बोंबलांच्या टोपल्या मागच्या सीटवर चढवून ती पालघरच्या बाजाराला निघायची, पदर खोचून, हॉर्न वाजवत. कमलाकांत चेनचं पुराण सांगू लागले की ती शेजारी बसून सुपारी कातरायची आणि मधूनच गालात हसायची. आपल्या ज्ञानाचं बायकोला कौतुक आहे, असा कमलाकांतांचा समज होता.

गेल्या वर्षी वत्सला गेली. आठ महिने आजारी होती. घरातले तिचे कपडे सुनेनं, हेमांगीनं, बांधून ठेवले, पण गाडीच्या सीटला बोंबलांचा वास राहिला तो राहिलाच. कमलाकांत संध्याकाळी गाडीत जाऊन बसत, काचा वर करून, इंजिन चालू ठेवून. गाडी कुठेही जात नसे. त्या घुरघुरीत आणि त्या वासात त्यांना जरा बरं वाटे, एवढंच.

हे पाहून त्यांचा मुलगा दर्पण अस्वस्थ व्हायचा. "बाबा, पत्रा सडलाय. एक दिवस चालता चालता खालून पडाल तुमी. देऊन टाकू भंगारात."

"इंजिन बघ तिचं. पत्रा काय बघतोस?"

"रस्त्यात बंद पडली म्हणजे?"

"चेनवाली गाडी बंद पडत नाय." कमलाकांत ताठ झाले. "एकदा, फक्त एकदा रस्त्यात बंद पडू दे. त्याच दिवशी भंगारवाल्याला फोन लाव. मी हूं की चूं करणार नाय."

शब्द देऊन बसले. हेमांगी साक्षीला होतीच.

त्याच सुमारास एका गॅरेजवाल्यानं त्यांना भंडावून सोडलं होतं. बोईसरहून कुणी महादू बोलायचा. "काका, गाडी घेऊन या. वायपर बदलायचं हाय."

"वायपर चांगले हायत माझे."

"तरी पण या. वायपर लई महत्त्वाचं असतं, काका."

एकदा पावसाळ्यात आला फोन, एकदा दिवाळीत, एकदा भर उन्हाळ्यात. एप्रिल महिन्यात वायपर! हल्ली लोक काय वाटेल ते गळ्यात मारतात, असं म्हणून चौथ्या फोनला कमलाकांतांनी हेमांगीकडून तो नंबर बंदच करून घेतला.

आणि मग कोळगावला जायचा दिवस आला. घराच्या कागदावर वत्सलाचं नाव होतं. ते कमी करायला एक दाखला हवा होता, म्हणून जिल्हा कार्यालयात जायचं होतं. दर्पण म्हणाला रिक्षानं जाऊ. कमलाकांत म्हणाले, "तिच्या कामाला तिच्याच गाडीनं जायचं." दर्पण मागे बसला, हेमांगी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी. पुढची डावी सीट रिकामीच ठेवायची, हे घरात कुणी न सांगता ठरलेलं होतं.

उमरोळीच्या अलीकडे इंजिनातून 'टक्' असा आवाज आला. फार मोठा नाही. त्यानंतर मात्र काहीच आवाज आला नाही. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली आणि उभी राहिली.

"बंद पडली," दर्पण म्हणाला.

"बंद नाय पडली. थांबली."

"फरक काय बाबा?"

"थांबलेली चालू होते." कमलाकांतांनी चावी फिरवली. इंजिन कधी नव्हे इतकं हलकं, भुरभुर फिरलं आणि आत काहीतरी खडखडलं. त्यांनी परत फिरवली. परत खडखड. पाच-सहा वेळा झालं. घाम त्यांच्या भुवयांवरून चष्म्यात उतरला.

एव्हाना माणसं जमली. एक रिक्षावाला म्हणाला बॅटरी. दुसऱ्यानं पेट्रोलची टाकी हुंगली. कारखान्यातून सुटलेले चार कामगार सायकली टाकून आले. "चाचा, दूसरे गियर में डालो, हम धक्का मारते हैं।" दर्पण नको म्हणत होता, पण कमलाकांतांना आता शब्द राखायचा होता, गाडी राखायची होती. त्यांनी दुसरा गियर टाकला. चौघांनी 'हैशा' म्हणून रेटलं, कमलाकांतांनी क्लच सोडला आणि इंजिनात असा काही आवाज झाला, की धक्का देणारे चौघेही आपोआप दोन पावलं मागे सरकले.

"ये तो गया," त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला.

दर्पणनं खिशातून मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. बापाचं तोंड बघून त्याला धीर झाला नाही.

तेवढ्यात पालघरचा बाजार आटपून परतणारा मासेवाल्या बायांचा टेंपो थांबला आणि नर्मदा खाली उतरली. वीस वर्षं ती वत्सलाच्या शेजारी बसून बोंबील विकत होती.

"भावोजी, वच्छीच्या गाडीला काय झालं?"

"काय नाय. जरा थांबली."

"मग म्हादूकडं न्या ना. ती नेहमी तिकडंच न्यायची."

"कोण म्हादू? या गाडीला गॅरेज लागत नाय."

नर्मदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं टेंपोतून जाळ्याचा नायलॉनचा दोर काढला. सगळ्यांनी मिळून गाडी वळवली आणि टेंपोला बांधली. आता जाळ्याचा दोर ताणतो हे समुद्रावरच्या माणसांना सांगायला नको, पण घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. टेंपो निघाला, गाडी जागेवरच. दोर ताणत ताणत गेला आणि मग गाडीनं अशी उडी घेतली की हेमांगीच्या मांडीवरचे कागद मागच्या काचेवर चिकटले. बोईसरपर्यंत हेच चाललं. टेंपोतल्या बाया दर उडीला "सांबाळा!" म्हणून ओरडत होत्या. कमलाकांत स्टिअरिंग धरून समोर बघत होते. हसावं असं सगळं होतं, पण गाडीत कुणी हसलं नाही.

महादू गाडी ओळखून "काका, काका!" करत धावतच आला. आवाज ओळखून कमलाकांतही चमकले.

"वायपरवाला तूच काय?"

महादूनं बॉनेट उघडलं, बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि आतून रबराचा तुटका पट्टा ओढून काढला.

"हे काय?" कमलाकांत म्हणाले. "चेन कुठाय?"

"चेन थोरल्याला, काका. आणि धाकट्याला. मधल्याला कंपनीनं पट्टाच दिला, आवाज कमी होतो म्हणून. साठ हजार किलोमीटरला बदलायचा. नाय बदलला तर तुटतो, मग वाल खाली ऱ्हातात, खालून पिस्टन येऊन आदळतो." त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला तीन जुने पट्टे टांगलेले होते. "ते तुमचेच. काकी आणायच्या गाडी. बाजारातनं परस्पर."

कमलाकांत भिंतीपाशी गेले आणि एकेक पट्टा बोटांनी चाचपू लागले.

"मी पयल्यांदाच बोललो होतो, काकांना सांगा. तर म्हणाल्या, नको. ते गावभर चेन चेन सांगत फिरतात. एवढाच तोरा हाय त्यांचा, तो कशाला मोडू? जुना पट्टा घरी नेला तर दिसंल, म्हणून इथंच टांगायला लावला."

बावीस वर्षांत तीन वेळा वत्सला बाजारातून अंधार पडल्यावर घरी आली होती. तिन्ही वेळा म्हणाली होती, आज गिऱ्हाईक नव्हतं. एकदा कमलाकांत तिच्यावर डाफरले होते, गाडी मिळाली की तुला घर आठवत नाय. त्या दिवशीही ती गालात हसली होती. ते हसणं त्यांना आत्ता, या गॅरेजात, तेलकट फरशीवर उभं राहून कळलं आणि त्यांना आपली फार लाज वाटली. त्याहून जास्त तिची आठवण आली.

महादूनं कपाटातून एक न फोडलेला खोका आणला. "चौथा. आजारी पडल्यावर आणून दिला त्यांनी. बोलल्या, बरी झाले की गाडी घेऊन येते. नायच आले, तर काकांना फोन करून बोलव, पण पट्ट्याचं नाव काढू नको. वायपर म्हण." त्यानं मान खाली घातली. "पाचव्या फोनला खरं सांगणार होतो, काका. लागलाच नाय."

हेमांगीनं पदर डोळ्यांना लावला. नंबर तिच्या हातानं बंद झाला होता.

कमलाकांत गाडीपाशी गेले आणि पुढच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मग दर्पणकडे न बघता म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. रस्त्यात बंद पडली. लाव फोन."

दर्पणनं मोबाइल काढलाच नाही. "बंद कुठं पडली, बाबा?" तो म्हणाला. "थांबली नुसती."

महादूनं खोका पुढे धरून विचारलं, "वाल नवे घालून हा पट्टा चढवू ना, काका?"

"चढव," कमलाकांत म्हणाले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, तरी समोरचं काही स्वच्छ दिसेना. "आणि म्हादू..."

"काय काका?"

"ते वायपर पण बदल."