हसनचाचांचा अर्ज

आमच्या फॉर्ममध्ये 'पुरावे सोबत जोडावेत' अशी एक ओळ आहे. लोक फोटो जोडतात. हसनचाचांनी जाळं जोडलं. ओलं, शेवाळलेलं, मासे मारायचं खरं जाळं. सूर या आखाती बंदरगावाहून बसने आणून त्यांनी ते राजधानीतल्या कुरुम भागातल्या आमच्या एसी ऑफिसात रिसेप्शनच्या काचेच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर टाचणीने अर्ज टोचला. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे लोक वासाने खाली येऊन विचारत होते, डब्यात काय आणलंयत?

मी समुद्राच्या कामांना देणग्या देणाऱ्या एका संस्थेत अर्ज तपासते. शास्त्रज्ञ प्रवाळांसाठी मागतात, गावं किनाऱ्यासाठी मागतात आणि मी, पुण्याची असल्यामुळे, सगळ्यांच्या चुका काढते. हसनचाचा रत्नागिरीकडचे. सूरला लाकडी गलबतं बांधणारे सुतार. शुक्रवारी सुट्टी असली की अर्बाबची, म्हणजे मालकाची, होडी मागून घ्यायचे आणि समुद्रात टाकून दिलेली जाळी कापून बाहेर काढायचे, कारण त्यांत कासवं अडकून मरतात. अर्बाब होडी कधी देई, कधी नाही. म्हणून चाचांना स्वतःची एक लहानशी होडी हवी होती. मागणं एवढंच.

फॉर्म इंग्रजी, चाचा भरायचे मराठीत. "वाचणारी तूच ना, बाय?" मग भाषांतर करत मी बसायची. 'काम कधी पूर्ण होईल?' या रकान्यात दर वर्षी एकच शब्द असे: इन्शाल्ला.

"चाचा, तारीख लागते."

"दर्याला तारीख देतात काय, बाय? मी एक जाळा काढतो, दोन नवी येतात. ह्या खलास होनारा काम नाय."

"मग अर्ज नामंजूर होईल."

"होऊ दे. पुढच्या साली येतो. यल्ला, चाय सांग."

तीन वर्षं मी तो अर्ज नामंजूर केला. अगदी नियमाने. चहा मात्र दर वेळी पाजला.

चौथ्या वर्षी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. जाळं नव्हतं. अर्ज उघडला तर त्या रकान्यात चक्क तारीख! माणसाला वळण लावलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शेवटचा रकाना होता, 'काम संपल्यावर पुढे कोण पाहणार?' तिथे लिहिलं होतं, 'कुरुमची बाय.' मला हसूच आलं. चाचांची थट्टा, दुसरं काय! भाषांतरात मी 'अर्जदार स्वतः' असं घातलं.

दारापाशी ते थांबले. "बाय, सूरला कधी येशील?"

"साइट व्हिजिट मंजुरीनंतरच असते, चाचा."

"बराय," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

अर्ज मंजूर झाला. चाचांचा फोन लागेना, म्हणून एका शुक्रवारी पत्र घेऊन मीच सूरला गेले. गलबतांच्या कारखान्यात म्हातारा अर्बाब एकटाच बसला होता.

"हसन? खलास. विजा खलास, मुलुक गया."

वय झालं म्हणून व्हिसा वाढवून मिळाला नव्हता, चाचा गावी परतले होते. कधी गेले, विचारलं. त्याने तारीख सांगितली. ती मला पाठ होती. अर्जातली तीच.

अर्जदार देशात नसेल तर मंजुरी रद्द होते. हा नियमही पाठ होता.

अर्बाब आत जाऊन फडक्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन आला. जाळी कापायची, चाचांची. "तुम कुरुमवाली? हसन बोला, मॅडम आएगी."

मला भयंकर लाज वाटली. मला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला की मला बोट लागते. चाचांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण चार वर्षांत मी त्यांना त्यांच्या चुकांखेरीज काही सांगितलंच नव्हतं. तरीही त्या शेवटच्या रकान्यात लिहायला त्यांना माझंच नाव सुचलं. म्हणजे इतकी वर्षं या देशात राहून त्यांचं इथे दुसरं कोणी नव्हतंच.