आधी सांगा, कसं विचारलंत?

पंक्तीत वाढपी जिलबी घेऊन आला आणि "घेणार ना?" म्हणाला, की अण्णा आठल्ये पानावर हात आडवा धरत.

"या प्रश्नात उत्तर तूच घातलंयस. नीट विचार."

"मग कसं विचारू, अण्णा?"

"जिलबीविषयी तुमचा विचार काय, असं विचार."

तोवर वाढपी पुढच्या पानावर गेलेला असे. आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात जिलबीवर सगळ्यात जास्त जीव असलेला माणूस प्रत्येक लग्नातून जिलबीवाचून उठे.

अण्णा काशीतल्या शिक्षकांच्या कॉलेजात शिकवत. बी.ए. होऊन मास्तरकीचं शिक्षण घेणाऱ्या आम्हा पोरांनी घरोघर जाऊन शिक्षणाची पाहणी कशी करावी, हा त्यांचा विषय. इथल्या बायकांना शिकायला नको असतं, असं इंग्रज साहेब आपल्या अहवालांत छापत. "कुणाला विचारून छापलं?" म्हणून अण्णा संतापत. आम्ही उत्तरं गोळा करून आणली की ती बाजूला सारत. "उत्तर राहू दे. आधी सांगा, कसं विचारलंत?" एकाला त्यांनी प्रश्न सुधारून पुन्हा त्याच घरी पाठवलं, तेव्हा घरमालक सोटा घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्या मागे आला.

कोपऱ्यावरचा पानवाला विचारी, "पान लगाईं, मास्टर साहब?" अण्णा म्हणत, "पहले पूछो, पान के बारे में मेरा विचार क्या है." तो म्हणे, "विचार बाद में, चूना सूखत हौ."

असा माणूस. पण गल्लीत अजून म्हणतात, जगाला शिकवलं आणि घरच्या विधवा बहिणीला पाटी दिली नाही. ते खोटं आहे, आणि ते खोडायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मोठ्या बायकांसाठी दुपारचा वर्ग निघायचा होता. कोणाला यायचंय, हे आम्ही दारोदार विचारणार होतो. अण्णांनी मला शिंदे घाटावर गाठलं.

"आमच्या घरी तू जा. दुर्गाला विचार."

"तुम्हीच विचारा की, अण्णा. तुमचीच बहीण."

"मी विचारलं तर ती माझं मन राखायला हो म्हणेल. जन्मभर तेच करत आलीय. एकदा मला तिचं उत्तर ऐकायचंय."

दुर्गाआत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझे मित्र नावेत बसून खोळंबले होते. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "आत्या, त्या वर्गाचं ऐकलंत ना? या वयात कुठे पाटी धरायची! लोक हसतील, नाही का?"

सुपातला हात थांबला. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हो रे बाबा. हसतीलच."

मी अण्णांना सांगितलं, "नको म्हणाल्या."

आता तो प्रश्न येणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी विचारलं असतं, तर मला खोटं बोलता आलं नसतं. अण्णा गंगेकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

त्याआधी महिनाभर त्यांच्या बोटाला चिंधी असे. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. पुढच्या लग्नात वाढप्याने "घेणार ना?" विचारलं, तेव्हा "वाढ" म्हणाले. सगळी पंगत हसली. जिलबी पानात तशीच राहिली.

त्या चिंधीचं कोडं गल्लीतल्या आचाऱ्याने उलगडलं, अण्णा गेल्यानंतर. आत्यांना दुपार मोकळी मिळावी म्हणून अण्णा त्याच्याकडे पोळ्या भाजायला शिकत होते. बोटं भाजून घेत होते.

हे मी आत्यांना सांगायला गेलो. एवढंच सांगितलं; मी कसं विचारलं होतं, ते सांगायची हिंमत झाली नाही.

"त्याच्या सदऱ्याला कणीक लागलेली दिसायची," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातची पोळी त्याला नकोशी झाली. विचारायचं तरी मला."