हेडची गळती

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीतला तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. ही गोष्ट ड्रायव्हरच्या तत्काळ लक्षात आली. इतरांच्या लक्षात आणून देण्यात पुढचे साडेचार महिने गेले.

गाडी सव्वीस वर्षांची होती. आत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, फळ्यांवर पुस्तके आणि वळणावर ती अंगावर येऊ नयेत म्हणून आडव्या बांधलेल्या सुतळ्या. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून ते पद तूर्त रिकामे होते आणि त्या 'तूर्त'ला आता नववे वर्ष लागले होते. त्यामुळे पुस्तके देण्याघेण्याचे कामही ड्रायव्हरच करी.

त्याने बॉनेट उघडले. रेडिएटरमधले पाणी गायब होते, आणि खाली रस्त्यावर थेंबही नव्हता. त्याने गाडी हळूहळू मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री त्याचा जुना दोस्त. त्याने तेलाचे टोपण काढले, आतला दुधाळ फेस बोटावर घेतला आणि तोंड वाकडे केले.

"हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड, त्यांच्यामधे एक पातळ पत्रा असतो. तो फुटला की पाणी तेलात जातं."

"गाडी चालेल का?"

"चालेल की. तापेल, थांबेल, परत चालेल. आत्ता केलंस तर दोन दिवसांचं काम आहे. अशीच दामटत राहिलास, तर हेड वाकडं होईल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"लिहून दे."

"माझं अक्षर बघून तुझा साहेब घाबरेल."

"तो कशानेही घाबरतो. तू लिही."

मिस्त्रीने तीन ओळी लिहिल्या. हेड लीक आहे. हेड उघडून बघावे लागेल. उशीर केल्यास हेड वाकडे होईल.

आता, कार्यालयातल्या मुख्य लिपिकांना सगळे समोर हेडसाहेब म्हणत आणि मागे नुसते हेड. आलेला प्रत्येक कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत होती. लिपिक बाईंनी पहिली ओळ वाचली आणि खोलीतला टाइपरायटर थांबला. गेल्याच महिन्यात बदल्यांची यादी सही होण्याआधी बाहेर फुटली होती. कोणी फोडली, याची सर्वांना कल्पना होती आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. बाईंनी दुसरी ओळ वाचली. तिसऱ्या ओळीला कोणीतरी खोकले. हसू नये अशा ठिकाणी खोकतात, तसे.

"हे कोणी लिहिलंय?" हेडसाहेबांनी विचारले.

"मिस्त्रीने, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"मिस्त्रीला कार्यालयातलं कसं कळलं?"

"त्याने फक्त टोपण उघडलं, साहेब."

खरा प्रकार काय, ते समजावून सांगायला पाऊण तास लागला. हेडसाहेबांना तो समजलाही. पण समजणे वेगळे आणि नोंदीवर घेणे वेगळे. ह्या शब्दांत कागद वर पाठवणे शक्य नव्हते. पर्यायी शब्द शोधण्याचे ठरले. 'प्रमुख पट्टी' बाद झाली, कारण मग मोठे साहेब दुखावले असते. 'माथा' हलका वाटला. तीन आठवड्यांनी 'ऊर्ध्वपट्टिका' हा शब्द मुक्रर झाला आणि ती बाजारात उपलब्ध आहे काय याची चौकशी करण्याचा हुकूम ड्रायव्हरला मिळाला.

मिस्त्रीने कागद दोनदा वाचला. "हे माझ्याकडे नसतं. औषधाच्या दुकानात विचार."

मधल्या काळात गाडी उभी ठेवण्याची सोय नव्हती. पंधरा दिवस जागेवर उभे राहिलेले वाहन आपोआप निकामी ठरे आणि निकामी वाहनाची दुरुस्ती नियमात बसत नसे. म्हणून दुरुस्तीची गरज असलेली गाडी, दुरुस्ती मिळावी म्हणून, रोज बिघडवत न्यावी लागे. दर पाच-सहा किलोमीटरवर ड्रायव्हर थांबे, इंजिन थंड होईपर्यंत मागच्या फळीवरचे एखादे पुस्तक काढून वाचत बसे, मग पाणी ओतून पुढे निघे. नोकरीत त्याने इतके कधी वाचले नव्हते.

"गाडीचं डोकं इतक्यांदा तपासून झालं," त्याची बायको एकदा म्हणाली, "आता तुमचंही एकदा दाखवून घ्या."

पण गाडी थांबून त्याला चालणार नव्हते. शेवटच्या थांब्यावर, खाणीजवळच्या वस्तीत, एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त मास्तरीणबाई राहत. गुडघ्यांमुळे त्या फाटकापलीकडे जात नसत, म्हणून गाडीच त्यांच्या फाटकाशी थांबे. त्या एक चार भागांची कादंबरी वाचत होत्या आणि सध्या तिसऱ्या भागात होत्या.

"चौथा तेवढा माझ्या हातात पडू दे रे," त्या म्हणत. "माझ्याकडे दिवस कमी आणि पानं जास्त आहेत."

"आणतो की, बाई. गाडी आहे तोवर काळजी नाही."

तो चौथा भाग सध्या ड्रायव्हरच थांब्याथांब्याला वाचत होता, हे त्याने त्यांना सांगितले नाही.

यथावकाश हेडसाहेब स्वतः पाहणीला आले. त्यांच्या हातातल्या नमुन्यात 'गळती कोठे दिसते' असा रकाना होता. त्यांनी ओणवे होऊन गाडीखाली बॅटरी मारली. जमीन कोरडी ठणठणीत होती.

"थेंब कुठाय?"

"आत गळतंय, साहेब."

"आतलं बाहेरून कसं दिसणार?"

"नाही दिसत."

"मग तुला कसं कळलं?"

"रोज पाणी ओतावं लागतं ना, साहेब."

"म्हणजे पाणी तू ओततोस."

"हो."

हेडसाहेबांनी रकाना भरला. गळती दिसून येत नाही. पाणी चालक स्वतः ओततो.

तरीही एकतर्फी निर्णय घेतला असे कोणी म्हणू नये, म्हणून वाचकांना विचारायचे ठरले. अर्ध्या पानाची सूचना निघाली. 'ग्रंथालय-वाहनाच्या ऊर्ध्वपट्टिकेची दुरुस्ती व्हावी किंवा कसे, याबाबत वाचकांचे काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांत याच कागदावर कळवावे. न कळवल्यास म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' ड्रायव्हरने प्रत्येक सभासदाच्या पुस्तकात एकेक कागद घालून दिला. ऊर्ध्वपट्टिका म्हणजे काय, तेही प्रत्येकाला तोंडी सांगितले.

वाचक खवळले. वाचणारी माणसे मुळातच जागरूक. शिंप्याने सुई खाली ठेवून कार्यालयाचा उद्धार केला. कंपाउंडरने आंदोलनाची भाषा केली. मास्तरीणबाई तर फाटक धरून थरथरत होत्या.

"बंद कशी पाडतात बघतेच. असं कडक लिहिते, की वाचताना उभे राहतील."

"लिहा, बाई. तुमच्यासारख्यांनी लिहिलं तर फरक पडेल."

पंधरा दिवस झाले. तीनशे चाळीस कागद गेले होते. परत एकही आला नाही. हेडसाहेबांनी शेरा मारला की गळती दिसत नाही आणि वाचकांचे काही म्हणणे नाही, सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही. त्याच आठवड्यात खाणीच्या चढावर गाडीने पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि ती जागच्या जागी थांबली.

मिस्त्रीने हेड उघडले. ते वाकडे झाले होते आणि त्याला तडाही गेला होता.

"आता काय करायचं?" ड्रायव्हरने विचारले.

"आता पुस्तकं उतरवून घे."

गाडी ओढून कार्यालयामागे आणून लावली. पाटीवरच्या 'फिरते ग्रंथालय'मधला पहिला शब्द पांढऱ्या रंगाने व्यवस्थित झाकण्यात आला. हे काम एका दिवसात झाले.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सायकलवरून खाणीच्या वस्तीत गेला. मास्तरीणबाई फाटकाशीच होत्या.

"गाडी कुठाय रे?"

"आता यायची नाही, बाई. मी चौथा भाग तेवढा आणलाय."

"वाटलंच मला. या लोकांना वाचकांची काही किंमत आहे का? एका शब्दाने तरी विचारायचं."

ड्रायव्हरने चौथा भाग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिसरा भाग पुढे केला. पानांतून अर्ध्या कागदाचे एक टोक बाहेर आले होते. त्याने ते ओढले. सूचनाच होती. खालची जागा कोरी होती.

मास्तरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या. "अगबाई. लिहायचंच होतं रे. पण गोष्ट अशी रंगली होती, आणि खुणेला कागद बरा होता."

त्यांनी घाईघाईने चौथा भाग उघडला. तो आपोआप दोनशे चाळिसाव्या पानावर उघडला, आणि तिथून तसाच एक अर्धा कागद त्यांच्या पायाशी पडला. ड्रायव्हरही ग्रंथालयाचा सभासद होता.

"हा कोणाचा?" बाईंनी विचारले.

ड्रायव्हरने वाकून कागद उचलला, उलटून पाहिला, आणि जिथला होता तिथे परत घातला.

हे पुस्तक आता तुम्हीही मिटाल. खुणेसाठी हाताला येईल तो कागद घालण्याआधी एकदा उलटून पाहावा, एवढेच म्हणणे आहे. न कळवल्यास तुमचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.